चौकटीत मावेल एवढी भिंत

रंगाऱ्याने स्वतःच्या घरातल्या भिंतीचा तेवढाच तुकडा रंगवला होता, जेवढा लेकीच्या पाठीमागे लॅपटॉपमध्ये दिसे. भेगांत लांबी भरून, घासून, वर मोतिया रंगाचे दोन हात. पुढ्यात टेबल, टेबलावर दिवा. कॅमेऱ्यातून पाहावं तर एखाद्या वकिलाचं घर! वर्षभर ती तिथूनच ऑनलाइन शिकली. बाकी सगळा संसार कॅमेऱ्यामागे: भांडी, दोरीवरचे कपडे, आणि कॉटवर वर्षभर अंथरुणाला खिळलेले, खोकणारे आजोबा.

"चार फुटांची श्रीमंती आहे," रंगारी म्हणे. "उरलेली पुढच्या जन्मी."

आज वार्षिक परीक्षा. पडद्यावर मॅडम उगवल्या.

"दोन मिनिटांनी लॅपटॉप गोल फिरवून चारही भिंती दाखवायच्या. खोलीत दुसरं कोणी दिसलं तर पेपर रद्द."

लेकीने माइक बंद केला आणि मान न वळवता म्हणाली, "बाबा!"

खोली एकच. कॉट आतच जोडलेली, दारातून निघायची नाही. रंगारी आजोबांच्या काखेत हात घालायला वाकला.

"मला उचलायला चौघं लागतात," आजोबा म्हणाले, "आणि तेवढी घाई मला नाही. चादर टाक."

चादर त्यांनी स्वतःच डोक्यावरून ओढली. रंगाऱ्याने वर दोन उशा ठेवल्या, एक रजई टाकली. मग बायकोला घेऊन तो बाहेर आला आणि दार लोटून घेतलं.

आतून मॅडमचा आवाज आला. "ते कॉटवर काय आहे?"

लेक म्हणाली, "गाद्या आहेत, मॅडम."

"बरं. माइक चालू ठेव. तीन तास खोलीत दुसरा कसलाही आवाज नको."

बायको पायरीवर बसली. "मामंजींना खोकल्याचं औषध दिलंत ना?"

"दिलं."

"ते अर्धा तास टिकतं."

"माहीत आहे."

अर्धा तास गेला. तास गेला. दोन झाले. आतून फक्त बटणांची टकटक. म्हातारा जन्मात कधी इतका वेळ गप्प बसला नव्हता. अगदी स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही, असं तो स्वतःच सांगे.

खोकला आला, तर पोरीचं वर्ष जाणार. आणि नाही आला तर...

रंगाऱ्याने दाराला कान लावला. काय ऐकू यावं, हे मात्र त्याला ठरवता येईना.