किल्ली कुणाच्या हाती

शिवानीच्या भावाला मुलगा झाला, त्या साली तिच्या विमान कंपनीचा मोठा साहेब राजीनामा देऊन निघून गेला. बाळाचा पाळणा आणि नव्या साहेबासाठी नाव सुचवायची मुदत एकाच दिवशी आली. कंपनीनं फोनवर सगळ्यांना विचारलं होतं, मोठा साहेब म्हणून तुम्हाला कोण हवा? कुणाचंही नाव द्या, आतला असो की बाहेरचा.

त्यामुळं उमरग्यातल्या त्या घरात पाळण्याला झेंडूच्या माळा बांधता बांधता विमानाचं भांडण पेटलं. शिवानीचे तीन सोबती हैदराबादहून मोटारीनं आले होते.

"साहेब पायलटांतलाच पाहिजे," इंद्रजित म्हणाला. तो स्वतः पायलट होता.

"पायलट नको. तुमचं लक्ष ढगात, आमचं सामान खाली," रणधीर म्हणाला. तो विमानात सामान चढवणाऱ्यांचा मुकादम. "ज्यानं जन्मात एकदा तरी दुसऱ्याची पेटी उचललीय, असा द्या."

हर्षाली शिवानीसारखीच विमानात प्रवाशांची सरबराई करायची. ती म्हणाली, "विमान लेट झालं की लोक माझ्यावर ओरडतात. तेव्हा शेजारी येऊन उभा राहील असा द्या. मागचे साहेब पडद्यावरच दिसले. आपण सगळे एक कुटुंब आहोत म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुटुंबात गेले."

हसता हसता रणधीरच्या हातातली माळ तुटली.

शिवानी मात्र हसत नव्हती. बाळाची आत्या ती. कानात नाव सांगायचा मान तिचा. भाऊ शंभुलिंग यानं मोबाइलवर शोधून नाव पक्कं केलं होतं, रेयांश. आज्जीनं, इरम्मानं, एकदाच तोंड उघडलं होतं. "घरातलं नाव ठेवा रे." कुठलं, ते काही तिनं सांगितलं नाही. "अव्वा, जुन्या नावाला शाळेत पोरं हसतात," शंभुलिंग म्हणाला. तेव्हापासून इरम्मा गप्प होती. घरात पाळणा होता आणि तिनं एकही गाणं म्हटलं नव्हतं.

आता घुगऱ्यांचं पातेलं ढवळता ढवळता तीच बोलली.

"येवढं भांडताय कशाला? किल्ल्या द्या की."

"कसल्या किल्ल्या, आज्जी?" हर्षालीनं विचारलं.

"हितल्या जीपस्टँडवर गाड्यांचे नंबर लावाय माणूस निवडायचा हुता. डायवर लोक असंच भांडत बसले. मग ठरलं, ज्याच्या भरवशावर गाडी सोडून घरी जेवाय जाता येईल, त्याच्या हातात आपली किल्ली ठिवायची. समद्या किल्ल्या ह्येंच्या हातात आल्या."

"आजोबा ड्रायव्हर होते?"

"छे. पंक्चर काढायचे. त्येंना गाडी चालवायला येतच नव्हती."

"मग त्यांनाच का?"

"जाग्यावर असायचे म्हणून. कवाबी जावा, तिथंच."

रणधीरनं खिशातून मोटारीची किल्ली काढली आणि इरम्माच्या तळहातावर ठेवली. "माझं मत आजोबांना. नाव काय त्यांचं?"

इरम्मानं पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तिनं शिवानीकडं बोट केलं.

"गुंडप्पा," शिवानी म्हणाली.

मग त्यांना आवरणं कठीण झालं. इंद्रजित फोनवर कंपनीचा अर्ज भरू लागला. नाव, गुंडप्पा. अनुभव, जीपस्टँड. खास गुण, जाग्यावर असतात. फोन नंबर म्हणून इरम्माच्या मोबाइलच्या पाठीवर चिकटवलेला नंबर घातला. शिवानी काहीतरी सांगायला गेली, पण आता तिलाही हसू फुटलं आणि उचकी लागली. हर्षालीनं सगळा किस्सा कंपनीच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून उत्तर आलं, किल्ली गुंडप्पांना. नागपुरातून तेच. दिल्लीच्या तिकीट खिडकीवरून तेच. धावपट्टीवर खोळंबलेल्या एका विमानातून किल्लीचं नुसतं चित्र आलं.

तेवढ्यात बायकांनी आत्याला हाक मारली.

शिवानी पाळण्याशी गेली. शंभुलिंगानं ओठांनीच आठवण केली, रेयांश. इरम्मा खाली मान घालून बसली होती. मुठीत अजून मोटारीची किल्ली होती.

शिवानी वाकली. बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मग मान वर करून तेच नाव सगळ्यांना ऐकवलं. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. हर्षालीनं दोन जास्तीचे घातले. शंभुलिंगाचं तोंड उतरलं. इरम्मानं किल्ली खाली ठेवली आणि पाळण्याची दोरी हातात घेतली. मग ती कानडीत गाऊ लागली, ती जेवणाची पानं वाढून झाली तरी थांबेना.

पुढच्या आठवड्यात इरम्माचा मोबाइल वाजला. मुंबईच्या मोठ्या कचेरीतून एक बाई अदबीनं बोलत होत्या.

"गुंडप्पा साहेब आहेत का? आमच्या कर्मचाऱ्यांनी सगळ्यात जास्त त्यांचंच नाव दिलंय. संचालकांना त्यांची भेट हवी आहे."

इरम्मानं पाळण्यात डोकावून बघितलं.

"हायेत की," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ताच दूध पिऊन निजलेत. उठले की लई रडत्यात. काय निरोप असला तर मला सांगा."

शंभुलिंग पाळण्याची दोरी ओढत बसला होता. तो म्हणाला, "अव्वा, पगार काय देत्यात, ते इचार."

थोरले गुंडप्पा दोन हजार एकोणीसच्या माघात, पंक्चरच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर, बसल्या जागी वारले.