नव्या स्प्रिंगा

सुपडूआबांना कॅन्सरच्या शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, प्रशील मोटरसायकलवर सावद्याहून जळगावला न्यायचा. हाडं पोखरलेला बाप खड्ड्याखड्ड्याला कण्हायचा, आणि ते ऐकून मुलगाही पार थकला होता. मागचे शॉकअप बदलून झाले होतेच. काल त्यानं पुढच्यांतही, दाबागणिक कडक होत जाणाऱ्या नव्या स्प्रिंगा बसवून घेतल्या.

आज भुसावळ गेलं तरी मागून हूं की चूं नाही. जळगावात शिरताना आबांचं डोकं पाठीवर कललं, तसा प्रशीलनं घाईनं ब्रेक दाबला. त्यानं गाडी बाजूला घेतली.

"आबा! ओ आबा!"

"कामून थांबला रे? किती दिवसांनी डोया लागला व्हता."

*

हॉस्पिटलचं फाटक आलं तेव्हा आबा पुन्हा घोरत होते. प्रशीलनं गाडी तशीच पुढं, एरंडोलच्या रस्त्याला जाऊ दिली.