गुरुजींची पेटी
संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते. तपासणीला आलेले साहेब लालबागच्या शाळेत दुसरीच्या वर्गाबाहेर थबकले. आत पोरं पाय आपटत गात होती, “वर चला, वर चला!” “हा कसला मोर्चा?” साहेब कडाडले. वर्गाच्या बकुळाबाई हसल्या. “मोर्चा नव्हे, साहेब. उन्हाने पाण्याची वाफ होते, त्याचं संगीत नाटक आहे.” “परवानगी कोणाची?” बाईंनी भरवशाने साहेबांसोबत आलेल्या हेडगुरुजींकडे पाहिलं. चाली त्यांच्याच, रोज तालमीला पेटीवरही तेच बसायचे. “मला काहीच ठाऊक नाही, साहेब,” हेडगुरुजी म्हणाले, “बाईंचं खूळ असणार.” “पुन्हा म्हणून दाखवा,” साहेबांनी पोरांना फर्मावलं. सूर्य झालेल्या कांताने पेटीचं झाकण उघडलं. “गुरुजी, सूर द्या ना, रोजच्यासारखा.” “अगं, मला कुठे पेटी येते?” बाईंनी गळ्यातूनच सूर दिला. पोरं मात्र गुरुजींच्या बोटांकडेच बघत राहिली.