चौथा तंबू

“चार तंबू, आठ माणसं. बरोब्बर बसलं,” प्रफुल सर म्हणाले आणि त्यांनी यादीखाली रेघ ओढली.

सुलोचनाबाईंनी भूगोलाच्या वह्या बाजूला सारून यादी वाचली. चार शिक्षक आणि प्रत्येकाचा जोडीदार. उद्या शनिवार, शाळा सकाळची. ती सुटली की मॅटाडोरनं बोर धरणावर जायचं, काठाशी तंबू ठोकायचे, गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे आणि रविवारी संध्याकाळी कारंज्याला परतायचं.

बेत मुळात बाईंचाच. गाइडच्या पोरींना घेऊन त्यांनी बारा-तेरा शिबिरं केली होती, पण आपल्या बरोबरीच्या माणसांसोबत, नुसत्या मजेसाठी, एकदाही नाही. दोन हजार दोनची दिवाळी झाल्यावर त्यांनी स्टाफरूममध्ये भीत भीत विषय काढला आणि सगळ्यांनी उचलून धरला. तेव्हा फक्त स्टाफनंच जायचं ठरलं होतं. त्यांची जवळची सहशिक्षिका अंजू तर म्हणाली होती, “मॅडम, तुम्ही अन् मी एका तंबूत. रातभर गप्पा मारू.”

मग कोणाची तरी बायको ‘मी बी येतो’ म्हणाली, आणि एकामागून एक सगळेच जोडीनं निघाले.

“तुमचं मी इसरलो नाई हं, मॅडम,” प्रफुल सर घाईनं म्हणाले. “एसटीडी बूथवरून धरणाच्या रेस्ट हाऊसले फोन करतो. तुमच्यासाठी अलग खोली. पलंग, गादी, गरम पाणी. तुमची तर ऐश हाय!”

कोणीतरी हसलं. बाईही हसल्या.

“माझं नका पाहू, सर. रविवारी मले वडनेरले जा लागते. थोडं काम हाय.”

“अरे! असं कसं?” सर म्हणाले खरे; पण ते मोकळे झाल्याचं त्यांच्या आवाजातूनच कळलं. काय काम, हे कोणीच विचारलं नाही. वडनेरच्या शाळेत बाईंची पहिली नोकरी झाली होती. आता तिथं त्यांच्या ओळखीचं कोणी उरलं नव्हतं.

अंजूनं त्यांना व्हरांड्यात गाठलं. अकरा वर्षं दोघी मधल्या सुट्टीत एका डब्यात जेवत होत्या.

“मॅडम, राग आला काय?”

“कायचा राग?”

“आमच्या यायनं कधी नाई ते दोन दिवस दुकान बंद ठेवतो म्हटलं. मी नको कशी म्हणू?”

“येडी हायेस काय? घेऊन जा त्याईले. पंधरा वर्षांत कुठं गेलतात तुम्ही दोघं?”

अंजूनं बाईंचा हात दाबला आणि ती पळतच वर्गाकडे गेली.

संध्याकाळी सगळे मैदानावर जमले. तंबू कोणालाच लावता येत नव्हते, तेव्हा ते दाखवायलाही बाईच हव्या होत्या. त्यांनी साडीचा पदर खोचला, मोगरी घेतली.

“खुंटी सरळ नाई ठोकायची. तंबूपासून बाहेरच्या अंगाले झुकवा, नाई तर ताण पडला का उपटून येते.”

अंजूच्या नवऱ्यानं, कैलासरावांनी, मोठ्या उत्साहानं खांब उभा केला आणि दुसऱ्या क्षणी सगळं कापड त्यांच्यावर आणि अंजूवर कोसळलं. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. बाहेर काढायचं तर कापड उचलून धरायला हवं, म्हणून बाई दोन्ही हातांनी खांब धरून उभ्या राहिल्या. दोघांना बाहेर यायची घाई नव्हती. अखेर ती दोघं रांगत बाहेर आली. अंजूनं नवऱ्याच्या केसांतलं गवत काढलं. बाईंनी खांब सोडला आणि दोरी पुन्हा ताणून बांधली.

दिवस कलेपर्यंत तीन तंबू गुंडाळून मॅटाडोरमध्ये गेले. चौथ्याची एका कोपऱ्याला शिवण उसवली होती.

“हा असाच उभा राहू द्या,” बाई म्हणाल्या. “शिवून ठेवीन. सकाळी घेऊन जाजा.”

“तुम्ही असत्या तर लय मजा आली असती, मॅडम,” जाता जाता प्रफुल सरांच्या बायकोनं म्हटलं. ती मनापासूनच म्हणत होती.

स्काउटच्या खोलीतून दाभण आणि सुतळी आणून बाई शिवायला बसल्या. कापड जाड होतं. दर टाक्याला दाभण तळहातात रुतत होती. हायवेवरून ट्रक जात होते. टाके पूर्ण झाले, गाठ मारली, सुतळी दातानं तोडली. आता दोऱ्या सोडायच्या आणि तंबू गुंडाळायचा, एवढंच काम बाकी होतं.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. चपला बाहेर काढल्या आणि वाकून त्या आत शिरल्या.

आत जुन्या कापडाचा आणि मातीचा वास होता. खाली गवत अजून उन्हानं कोमट होतं. त्या उजव्या बाजूला, कापडाला पाठ टेकेल इतक्या कडेला बसल्या. गुडघे पोटाशी घेतले. डावीकडची अर्धी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, हे थोड्या वेळानं त्यांच्याच ध्यानात आलं. तरी त्या मधोमध सरकल्या नाहीत.

फाटक बंद करायला निघालेला शिपाई चंद्रभान मैदानातून येत होता. तंबू अजून उभा पाहून तो थबकला.

“आत कोन हाय?” त्यानं हाक दिली.

“कोनी नाई, चंद्रभान,” बाई आतून म्हणाल्या. “मीच हाय.”