प्रकरण तिसरं

“पोरगी पसंत हाय ना जी?” यजमानांनी नाश्त्याला बसल्यावर विचारलं. पाहुण्याच्या हातात पोह्यांची दुसरी बशी होती.

पुण्याहून तो झाडीपट्टीतल्या नाटकांचा अभ्यास करायला आला होता. काल नाटकाला यजमानांनी त्याला आपल्या मुलीशेजारी बसवलं. गाव वळून वळून दोघांकडे बघत होतं. त्यानं मोबाइलवर नोंदवलं, ‘प्रेक्षकांचं लक्ष रंगमंचाकडे नाही.’

नाटकाच्या निमित्तानं इथं पाहुणे बोलावतात आणि सोयरिकी जुळवतात, हे त्याच्याच प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं.

“काका, मी फक्त अभ्यासाला आलो होतो,” तो बशीला म्हणाला. आत वाजणारी भांडी थांबली.

मुलगी चहा घेऊन बाहेर आली. नवी साडी, केसांत कालचाच गजरा. कप ठेवून तिनं विचारलं, “मग आता मले कोनत्या प्रकरनात टाकता जी?”