एका खुर्चीचा संसार

“नुसत्या चार भिंतींत मुलगी पाठवणार नाही, आधी घर लावा,” असं सासऱ्यांनी बजावल्यामुळे बायको अजून माहेरीच होती. परदेशातल्या माझ्या भाड्याच्या घरात फुटपाथवरून उचललेली एकच खुर्ची होती. अखेर त्यांनी व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगितलं. दिवाणखान्यात मी खुर्चीवर आसन टाकून ती दाखवली. मग “रेंज जातेय” म्हणत कॅमेरा झाकला, खुर्ची स्वयंपाकघरात नेली आणि तिच्या पाठीवर टॉवेल टाकला. झोपायच्या खोलीत तिच्यावर उशी आली, गॅलरीत वर्तमानपत्र. सासरे परीक्षकासारखे बघत होते. “घर छान लावलंय. फक्त सगळ्याच खुर्च्यांचा डावा हात सुतळीने बांधलेला दिसतोय.” मी कॅमेरा खाली केला. मग सासरे हळूच म्हणाले, “जावईबापू, दमला असाल. बसा आता तिच्यावर.” मागून बायको म्हणाली, “बाबा, माझं तिकीट काढा. आम्ही आळीपाळीने बसू.”