पाण्याची फरशी

रुग्णालयाचे संचालक फोनवर बोलता बोलता नव्या हॉलच्या मधोमध थांबले, आणि त्यांच्या दोन बुटांच्या मध्ये तान्ह्या बाळाचं एक पाऊल उमटलं.

फिक्या निळ्या उजेडाच्या फरशीवर काळ्या शाईची पाच बोटं आणि टाच. खाली एका बाईचं नाव आणि तारीख.

ते दचकून मागे सरले. पाऊल विझलं, त्या जागी पाण्याची लाट उठली.

“हे काय आहे?”

“ठसे,” भिंतीशी लॅपटॉप घेऊन बसलेली प्रोग्रामर म्हणाली. “शेजारच्या प्रसूती विभागात जन्मलेल्यांचे. पूर्वी मूल झालं की पायाचा ठसा घ्यायचे. लोकांनी जपून ठेवलेत. मी घरोघर जाऊन मागून आणले.”

“मी पाणी सांगितलं होतं.”

“पाणी आहेच की. चालत राहिलं की पाणी. थांबलं की पाऊल.”

संचालकांनी फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी याच हॉलचं उद्घाटन होतं. पाहुणे म्हणून येणारे मंत्री फीत कापणार आणि व्यासपीठावर बसून शेजारचा मोफत प्रसूती विभाग बंद करण्याच्या आदेशावर सही करणार. तिथे सशुल्क खोल्या व्हायच्या होत्या. फाटकाबाहेर आठवडाभर बायका फलक घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांना आत यायला बंदी होती.

“मॅडम, मी सजावट मागवली होती. भाषण नाही.”

“फरशी एक शब्द तरी बोलतेय का?”

“तेच तर. बोलली असती तर आवाज बंद केला असता.”

“माझं म्हणणं पावलांत नाहीच,” ती म्हणाली. “थांबण्यात आहे. या विभागावरून सगळे घाईघाईने निघून जातात. घाईत असलेल्याला फरशी काही दाखवत नाही. तुम्ही थांबलात, म्हणून तुम्हाला दिसलं.”

“पुसून टाका. माझ्यासमोर.”

“आणि नाही पुसलं तर?”

“गालिचा टाकतो वरून. दोन तासांचं काम.”

तिने दोन कळा दाबल्या. मग लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. खरंच पुसायचं का, असं पडद्याने विचारलं. संचालकांनी वाकून स्वतःच्या बोटाने होकार दिला.

मग ते फरशीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन उभे राहिले. हाताची घडी घालून, घड्याळाकडे बघत. प्रत्येक ठिकाणी पाणी हललं, संथ झालं. बाकी काही नाही.

दाराशी सुरक्षाप्रमुख उभा होता. तो तिचा धाकटा भाऊ, हे संचालकांना ठाऊक होतं.

“तुमच्याच बहिणीवर नजर ठेवायचीय. जमेल?”

“ड्युटीवर मला बहीण नसते, साहेब.”

“वा रे बाळ्या!” ती म्हणाली.

“ड्युटीवर बाळ्याही नसतो. बॅग उघड.”

त्याने बॅग उलटी केली. वायरी, पाण्याची बाटली, एक पेन ड्राइव्ह.

“यात काय?”

“माझी मेहनत.”

“जमा.” त्याने पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

“लहानपणी माझ्या पेन्सिली लपवायचास, तेव्हाच ओळखायला हवं होतं तुला.”

“तेव्हाही आई माझीच बाजू घ्यायची.”

“त्याच विभागात नर्स होती ती. तूही तिथेच जन्मलास.”

“आईला मध्ये आणू नकोस, ताई.”

फरशी चालवणारा संगणक कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात होता. त्याने कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. संचालकांनी मान डोलावली. माणूस कामाचा निघाला.

“उद्याचा बंदोबस्त?”

“दारापासून व्यासपीठापर्यंत माझ्या माणसांच्या दोन रांगा. पाहुणे मधून येतील.” प्रत्येकाने जिथे उभं राहायचं तिथे त्याने फरशीवर पांढरी पट्टी चिकटवली होती.

“बायका घुसायचा प्रयत्न करतील. पण आकाश कोसळलं तरी एकही माणूस जागचा हलता कामा नये. समजलं?”

“नाही हलणार, साहेब. खांबासारखे उभे राहतात. लोक त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत.”

“आणि मी या पाण्यात बुडालो तर?” तालमीसाठी आलेल्या एका जाड्या रक्षकाने पोटावर हात ठेवून विचारलं.

सगळे हसले. प्रोग्रामर वायरी गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

“तुमचंच वजन पेलायला केलीय ती,” ती म्हणाली.

सकाळी पाहुणे आले. मागे कॅमेरे. त्यांच्या पावलागणिक निळ्या लाटा उठल्या, टाळ्या वाजल्या. “काय कल्पना आहे!” असं कोणीतरी म्हणालं. संचालक प्रत्येकाला सांगत होते, “पाणी म्हणजे जीवन.” प्रोग्रामर मागे भिंतीशी रिकाम्या हातांनी उभी होती.

पाहुणे व्यासपीठावर बसले. आदेश पुढे आला. पाहुण्यांनी पेनचं टोपण काढलं. सुरक्षाप्रमुख कोपऱ्यात एक फेरी मारून आपल्या जागी आला. आता हॉलमध्ये कोणी चालत नव्हतं. पाणी संथ झालं.

जाड्या रक्षकाच्या दोन बुटांच्या मध्ये एक काळं पाऊल उमटलं.

मग त्याच्या समोरच्याच्या. मग शेजारच्याच्या. दोन्ही रांगांमधून, दारापासून थेट व्यासपीठाच्या पायरीपर्यंत, चिमुकली पावलं आणि आयांची नावं. कॅमेरे खाली वळले. पाहुण्यांनी पेन ठेवलं आणि सर्वांत जवळचं नाव वाचायला वाकले. कोपऱ्यातल्या कपाटाला कुलूप तसंच होतं; आत पेन ड्राइव्हचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

“हटवा!” संचालक रांगांमधून धावत सुटले. “माणसं हटवा! रांगा मोडा!” ते धावत होते, त्यामुळे त्यांच्या पायांखाली नुसतंच पाणी होतं.

सुरक्षाप्रमुखाने ताठ उभं राहून दोन्ही रांगांवर नजर फिरवली. त्याच्या खिशाचं बटण उघडं होतं.

“साहेबांनी काल बजावलंय,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. “आकाश कोसळलं तरी कोणी जागचं हलायचं नाही.”